वाऱ्याच्या दिवशी पहिली फेरी

॥ श्रीसद्गुरवे नमः ॥

 

मागच्या पंधरवड्यात इंदूरच्या एका मावशींचा निरोप आला. त्यांची परवानगी घेऊन, नाव-गाव न देता, तो इथे मांडतो.

मावशी लिहितात : "माझ्या बहिणीचा मुलगा, वय २६. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं, म्हणून महिनाभर आमच्याकडे राहायला आला होता. एक दिवस आपणहून म्हणाला, मावशी, तू रोज पहाटे बसतेस ना, ते मलाही शिकव. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! त्याच दिवशी त्याला माळ दिली, आसन दिलं. पहाटे साडेचारला उठवायला लागले. अकरा माळा, मग पोथीचा अध्याय, गुरुवारचा उपास, कांदा-लसूण बंद. चौथ्या दिवशी तो उठला नाही. आठव्या दिवशी सामान बांधून मित्राच्या खोलीवर निघून गेला. आता माझा फोनसुद्धा उचलत नाही. माझं काय चुकलं? की त्याचीच वेळ आली नव्हती?"

मंडळी, हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. किती घरांतून हेच ऐकू येतं! मुलगा केंद्रात यायचा, आता येत नाही. सून आरतीला उभी राहायची, आता खोलीचं दार लावून घेते. आपण म्हणतो, आजकालच्या मुलांना श्रद्धाच नाही. पण श्रद्धा नसती तर तो मुलगा आपल्या तोंडाने "मलाही शिकव" म्हणाला असता का? दार त्याने ठोठावलं होतं. आत घेताना काय झालं, तेवढं आपण बघायचं.

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला अगदी वेगळ्या ठिकाणी सापडलं, गोव्याच्या समुद्रावर. आपल्या गोव्याच्या मंडळातले एक काका नौदलातून निवृत्त झालेले. वय सत्तरीच्या पुढे, पण अजून शिडाची होडी चालवतात आणि नवख्या मुलांना शिकवतात. मार्च महिन्यात एका रविवारी सत्संगानंतर ते बेळगावच्या एका तरुण गुरुबंधूला पहिल्यांदा होडीतून घेऊन गेले. आमच्यापैकी चौघे-पाच जण दोनापावलाजवळच्या किनाऱ्यावर बसून बघत होतो. काकांनी त्या मुलाला जसं नेलं आणि जसं परत आणलं, तसं आपण नवख्या माणसाला उपासनेत नेलं तर आपल्या घरचं एकही माणूस पळून जायचं नाही, असं आम्हाला वाटलं. म्हणून हा लेख.

आधी वाऱ्याचं बघू. उन्हाळ्याच्या दिवसांत जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. जमिनीवरची हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. हा दुपारचा खारा वारा. रात्री उलटं होतं. जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, त्याला मतलई म्हणतात. आपले कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या मतलईवर बाहेर जात आले आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी येत आले. त्या दिवशी दुपारी तीनला खारा वारा चांगलाच उठला होता. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास असेल. पाण्यावर जागोजागी पांढरा फेस दिसत होता. जाणत्याला ही मजा, नवख्याला ही धडकी.

आमच्यातल्या एकांनी विचारलं, "काका, आज वारा जास्त नाही का? नवा मुलगा आहे." काका म्हणाले, "नव्या माणसाला मंद वाऱ्यात न्यावं हेच खरं. पण तो आज आलाय. उद्या तो बेळगावला जाणार. मग आज कसं न्यायचं ते आपण बघायचं."

या बोलण्यावर थोडं थांबा. माणूस देवाकडे, गुरूकडे बहुतेक वेळा कधी येतो? सगळं शांत असताना फार थोडे येतात. नोकरी गेली, आजार आला, घरात भांडण झालं, जवळचं माणूस गेलं, की येतो. म्हणजे नवखा माणूस आपल्याकडे वाऱ्याच्या दिवशीच येतो. "आधी तुझं सगळं स्थिरस्थावर होऊ दे, मग ये" असं आपण म्हणू शकत नाही. मात्र वारा सुटलेला आहे हे ओळखून त्याला नेलं पाहिजे. मावशींच्या भाच्याचा वारा केवढा होता! नोकरी गेलेली, लग्न मोडलेलं. त्यावर आणखी साडेचारची पहाट आणि अकरा माळा.

आता काकांनी काय केलं ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, त्यांनी शीड लहान केलं. शिडाचा खालचा भाग दुमडून आडव्या दांड्याला घट्ट बांधून टाकला. त्या मुलाला नवल वाटलं. "काका, वारा जोरात आहे तर शीड मोठं नको का? जोरात जाईल की ओ!" काका हसले. म्हणाले, "बाबा, वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. आज लहान शीडच पुरे. आणि हे काम किनाऱ्यावर करायचं. आत जाऊन, लाटांत हलताना करायला गेलं तर हात चालत नाहीत."

मंडळी, संकटात माणूस नामाला लागला की आपल्याला वाटतं, संकट मोठं तर साधनही मोठं हवं. एकदम पारायण सांगू, एकदम अनुष्ठान सांगू. पण ज्याच्या मनावर आधीच चौपट जोर आहे, त्याच्या हाती एवढं मोठं शीड दिलं तर तो उलटणारच. त्याला लहान नेम द्यावा. सकाळी दात घासल्यावर अकरा वेळा नाम. रात्री झोपताना अकरा वेळा. बस्स. आणि हे आधीच ठरवावं. तो चुकायला लागल्यावर, रागावून कमी करून द्यायचं नाही. रागावून कमी केलेला नेम शिक्षेसारखा वाटतो, प्रेमाने आधीच लहान दिलेला नेम प्रसादासारखा वाटतो.

दुसरी गोष्ट, लाइफजॅकेट. त्या मुलाला पोहता येत होतं. बेळगावकडे विहिरीत पोहून वाढलेला. म्हणाला, मला नको. काकांनी वाद घातला नाही. आधी स्वतः घातलं, पट्टे आवळले, मग त्याच्या हातात दुसरं दिलं. त्याने मुकाट्याने घातलं.

इथे आम्हाला माउलींची आठवण झाली. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात, भक्तांना भवसागरातून देव कसा काढतो ते सांगताना माउलींनी मोठं गोड वर्णन केलं आहे. एकट्या-दुकट्याला तो ध्यानाच्या कासेला लावून नेतो. बायकामुलं, घरदार असलेल्याला सगळ्या कुटुंबासकट तराफ्यावर घेतो. आणि कुणाच्या पोटाशी प्रेमाची पेटी बांधून त्याला पैलतीराला आणतो. बघा, सातशेहून अधिक वर्षांपूर्वी माउलींनी ही पोटाशी बांधायची पेटी सांगून ठेवली आहे, आणि ती प्रेमाची आहे. नियमांची पेटी असं माउली म्हणत नाहीत. नवख्या माणसाला आपण आधी काय बांधतो? आसन कुठल्या दिशेला, माळ कुठल्या बोटावर, सोवळं-ओवळं काय. हे सगळं पुढे यथाकाळ येईलच, त्याला आम्ही नाही म्हणत नाही. पण पाण्यात उतरायच्या आधी त्याच्या पोटाशी प्रेम बांधलेलं हवं. "तू चुकलास तरी माझा आहेस" एवढं त्याला कळलं की पेटी बांधली गेली. आणि काकांसारखी ती आपण आधी घातलेली असावी, नाही का? आपण स्वतः देवाला भिऊन वागत असलो तर दुसऱ्याला प्रेम कुठून देणार?

तिसरी गोष्ट, बोलणं. होडीत बसायच्या आधी काकांनी वाळूवर बोटाने होडी काढली, वारा कुठून येतो त्याचा बाण काढला आणि तीनच गोष्टी सांगितल्या. "मी 'वाक' म्हटलं की डोकं खाली, कारण शिडाचा दांडा डोक्यावरून जाईल. भीती वाटली की हातातला दोर सोडून दे, शीड मोकळं झालं की होडी आपोआप शांत होते. आणि काहीही झालं, उलटली तरी, होडी सोडायची नाही." एवढंच. नौदलातल्या वादळाच्या गोष्टी नाहीत, कोण कधी बुडालं ते नाही. आणि आत गेल्यावर त्यांनी आवाज चढवला नाही. किनाऱ्यावरून आम्हाला दिसत होतं, पुढे काय होणार ते प्रत्येक वळणाआधी ते त्याला सांगत होते. दांडा डोक्यावर आल्यावर ओरडण्यात काय अर्थ? आपल्या घरी मात्र उलटं चालतं. आधी काही सांगायचं नाही आणि चुकलं की सगळ्यांसमोर, "अगं, आरतीच्या वेळी असं करतात का!"

आता होडी पाण्यात गेली. काकांनी ती आधी वाऱ्याच्या दिशेला काढली, म्हणजे जिकडून वारा येतो तिकडे. सरळ नाही, कारण शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊच शकत नाही. वारा जिथून येतो त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांपर्यंत होडीला वाट नसते, शीड नुसतं फडफडतं. म्हणून थोडं उजवीकडे, मग वळून थोडं डावीकडे, पुन्हा उजवीकडे, अशी नागमोडी जावं लागतं. किनाऱ्यावरच्या माणसाला वाटतं, हे भलतीकडेच चाललेत. पण दर वळणाला होडी थोडी पुढे सरकलेली असते.

नवा साधक असाच जातो. चार दिवस नाम, दोन दिवस टाळाटाळ, मग एखाद्या गुरुवारी एकदम मन लावून, मग पुन्हा मोबाइल. आपण किनाऱ्यावर बसून म्हणतो, याचं काही खरं नाही. अहो, तो वाऱ्याच्या तोंडावर चाललाय! त्याच्या आयुष्याचा वारा समोरून येतोय. त्याची वाट नागमोडीच असणार. तो वळला की बुडाला असं नाही. त्याचं तोंड एकंदरीत कुठे आहे तेवढं बघा.

थोडं आत गेल्यावर होडी एका अंगाला कलली. तो मुलगा ओरडला, ते वाऱ्यावरून आम्हाला किनाऱ्यावर ऐकू आलं : "काका, बुडतंय की ओ हे!" काका नंतर सांगत होते, त्यांनी त्याला एवढंच म्हटलं, "बुडत नाही रे बाबा, कलतंय. हातातला दोर थोडा सैल सोड." त्याने सोडला. शिडातला वारा गळला आणि होडी सरळ झाली. मग काकांनी विचारलं, "कुणी सरळ केली?" तो म्हणाला, "मीच की!"

लगेच काकांनी सुकाणूचा दांडा त्याच्या हातात दिला. पहिल्याच फेरीत, त्या वाऱ्यात! आम्हाला किनाऱ्यावर धाकधूक. पण काकांचं म्हणणं, नुसता बसून राहिलेला माणूस जास्त घाबरतो आणि त्याला पाणी लागतं, पोटात ढवळतं. ज्याच्या हातात सुकाणू आहे त्याची नजर पुढे असते, त्याला कमी त्रास होतो. आधी सगळं उलटं वाटतं, कारण दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. नवखा माणूस दोनचारदा चुकतोच. काकांनी त्याचा हात धरला नाही. म्हणाले, "दांड्याकडे बघू नकोस. समोर ते माडांचं टोक आहे ना, तिकडे बघ. हात आपोआप शिकेल."

किती मोठी गोष्ट आहे ही! आपण नवख्याला नामाला बसवतो आणि सांगतो, मन कुठे जातंय ते बघ, मोजणी चुकली का ते बघ, श्वास बघ. तो बिचारा दांड्याकडेच बघत बसतो आणि होडी गोल फिरते. त्याला समोरचं टोक दाखवा. सद्गुरूंचं मुख दाखवा. मन सरळ कसं राहील याची चिंता मन करत बसलं तर ते सरळ राहत नाही, ते कशाकडे तरी प्रेमाने बघत राहिलं की सरळ होतं.

आणि एक बारकावा. होडी अगदी थांबली तर सुकाणूचा काही उपयोग नसतो. दांडा कितीही इकडे-तिकडे करा, होडी वळत नाही. सुकाणूवरून पाणी वाहिलं पाहिजे, तरच ते होडीला वळवतं. म्हणजे आधी चाल हवी, मग दिशा. कितीतरी लोक म्हणतात, आधी माझ्या सगळ्या शंका फिटू देत, मग नाम घेईन. थांबलेल्या होडीत बसून सुकाणू हलवण्यासारखं आहे ते. थोडं तरी चालू लागा. चुकीच्या दिशेने चालणाऱ्यालाही गुरू वळवू शकतात. जो चालतच नाही त्याला कसं वळवणार?

आता परतीची गंमत ऐका. वळून वारा पाठीवर घेतला आणि सगळं एकदम शांत झालं. फडफड नाही, तोंडावर पाणी नाही. तो मुलगा म्हणाला, "काका, वारा पडला वाटतं!" काका म्हणाले, "पडलेला नाही, तेवढाच आहे. आता आपण त्याच्याबरोबर चाललोय म्हणून तो लागत नाही." नवख्या लोकांचा घात इथेच होतो, असं काका सांगतात. वारा पाठीवर घेऊन निघालं की वाटतं, काय सुंदर, काय सोपं! असे लांबच्या लांब जातात. मग परत फिरायला वळतात तेव्हा कळतं, अरे बाप रे, वारा केवढा आहे! म्हणून नवख्याला नेताना आधी वाऱ्यावर चढायचं, दमायच्या आत वळायचं आणि घरी येताना वारा पाठीवर ठेवायचा.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ६७व्या श्लोकात हीच नाव आहे. भरकटणाऱ्या इंद्रियांमागे मन गेलं की वारा पाण्यावरच्या नावेला जसा ओढून नेतो तसं ते माणसाच्या बुद्धीला ओढून नेतं, असा भगवंतांचा भाव आहे. आणि त्यावर माउली आणखी सावध करतात. किनाऱ्याला टेकत आलेली नावही ऐनवेळी वाईट वाऱ्यात सापडली तर टळलेला धोका पुन्हा उभा राहतो. म्हणजे हा इशारा नवख्यांसाठी नाहीच, तो तुमच्या-आमच्यासारख्या वीस-तीस वर्षं माळ ओढणाऱ्यांसाठी आहे. सगळं अनुकूल आहे, पेन्शन सुरू आहे, मुलं मार्गी लागली, मंडळात मान आहे. वारा लागतच नाही. वाटतं, आपलं मन शांत झालं. शांत झालंय की वाऱ्याबरोबर चाललंय? एखाद्या दिवशी कुणी आपल्याला न विचारता उत्सवाचा कार्यक्रम ठरवला की जो राग येतो ना, तेव्हा कळतं वारा किती आहे ते.

आणि ज्यांचा वारा पाठीवर आहे त्यांनी समोरून वारा घेणाऱ्याला "एवढं सोपं तुला जमत नाही?" असं म्हणू नये. समुद्र तोच, वाराही तोच, पण तुमची आणि त्याची दिशा वेगळी आहे.

पाऊण तास झाला नसेल, काका होडी किनाऱ्याला घेऊन आले. तो मुलगा उतरायला तयार नाही. "काका, अजून एक फेरी!" काकांनी शीड उतरवायला घेतलं. "पुढच्या वेळी," एवढंच म्हणाले. आम्ही नंतर विचारलं, मुलगा एवढा रंगला होता, आणखी थोडं का नाही नेलं? काकांचं उत्तर प्रत्येक सत्संगाच्या दारावर लिहून ठेवावं असं आहे. ते म्हणाले, "दमून उतरला तर त्याला दमणं आठवतं. हौस शिल्लक ठेवून उतरला तर तो परत येतो."

आपल्याकडे नवा माणूस पहिल्यांदा केंद्रात आला की त्याला आपण किती वेळ बसवतो? भजन, प्रवचन, आरती, मग सूचना, मग प्रत्येकाची ओळख, मग प्रत्येकाचा अनुभव. अडीच तास. माणूस बाहेर पडतो तेव्हा घड्याळाकडे बघत असतो. त्याला वीस मिनिटांत हातावर प्रसाद ठेवून हसत निरोप द्या. मग बघा पुढच्या गुरुवारी.

आता काकांची तिसरी सूचना, होडी सोडायची नाही. त्या दिवशी ती वेळ आली नाही. पण शिकणाऱ्याची होडी आज ना उद्या उलटतेच. उलटली की माणसाला किनारा अगदी जवळ दिसतो. वाटतं, पोहत जाऊ. आणि तिथेच चुकतं, कारण पाण्यातून अंतर नेहमी कमी भासतं आणि लाटांत माणूस लवकर दमतो. उलटलेली होडीसुद्धा तरंगते. तिला धरून राहिलं तर धरायला आधार असतो, आणि मदतीला येणाऱ्याला माणसाचं डोकं दिसत नाही पण होडीचं पोट लांबून दिसतं. लहान होडी तर पुन्हा सरळही करता येते. तिच्या पोटाखालून जी फळी पाण्यात जाते, तिच्यावर वजन टाकलं की ती हळूहळू उठते.

मंडळी, नेम मोडतो. घरात सुतक आलं, दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या, परीक्षा आली, किंवा नुसता कंटाळा आला. पंधरा दिवस माळ हातात घेतली नाही. मग लाज वाटते. आता कुठल्या तोंडाने बसू, कुठल्या तोंडाने केंद्रात जाऊ? आणि तो होडी सोडून एकटाच पोहायला लागतो. त्याला कुणीतरी सांगायला हवं की मोडलेला नेम ही उलटलेली होडी आहे, बुडालेली नाही. तिला धरून राहा. अकरा वेळा होत नसेल तर एकदा म्हण. तेही होत नसेल तर नुसता फोटोसमोर दोन मिनिटं बस. पण ज्यांच्या घरात तो राहतो त्यांनी "बघा, सोडलंच शेवटी!" असं म्हटलं तर तो धरलेलंही सोडेल.

शेवटी, या सगळ्यात आपण कोण? श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात, विसाव्या अध्यायात भगवंतांनी उद्धवाला एक चित्र दाखवलं आहे. हा मनुष्यदेह म्हणजे उत्तम बांधलेली नाव, गुरू तिचा कर्णधार आणि भगवंतांची कृपा हा अनुकूल वारा. एवढं सगळं मिळूनही जो भवसागर तरत नाही तो स्वतःचाच घात करतो. नाथमहाराजांनी याच अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत ती पूर्ण केली, ते एकनाथी भागवत आपल्या पुष्कळ घरांत आहे. विसावा अध्याय काढून जरूर वाचा. कर्णधार हा शब्द आपण आता क्रिकेटच्या संघापुरता ठेवला आहे. पण मुळात कर्ण म्हणजे सुकाणू, आणि ते धरणारा तो कर्णधार.

या चित्रात मावशी कुठे आहेत? काका, मामा, सासूबाई, मंडळाचे कार्यवाह कुठे आहेत? आपण देह नाही, वारा नाही आणि कर्णधारही नाही. कर्णधार सद्गुरू आहेत. आपण फार तर किनाऱ्यावर शीड बांधून देणारे, पेटीचे पट्टे आवळणारे, होडीला हात लावून पाण्यात ढकलणारे खलाशी. खलाशाने आपल्याला कर्णधार समजायचं नाही. भाच्याला नामाला लावणं मावशींचं काम, त्याला पैलतीराला नेणं सद्गुरूंचं काम. हे कळलं की आपल्या मनावरचं केवढं ओझं उतरतं, आणि त्याच्याही!

तर मावशी, आमची विनंती ऐका. भाचा फोन उचलत नसेल तर उचलेपर्यंत फोन करू नका. एक छोटा निरोप पाठवा : "जेवलास का? रविवारी पोहे करतेय, वाटलं तर ये." त्यात नाम नको, माळ नको, उपास नको. तो आला तर पोहे-जिलेबी द्या आणि नोकरीचं काय झालं ते ऐका. सल्ला देऊ नका. त्याची वेळ आली नव्हती का, असं तुम्ही विचारलं आहे. वेळ आली होती, मावशी. म्हणून तर त्याने विचारलं. पुन्हाही विचारेल. तेव्हा लहान शीड द्या.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी मनावर घ्या. कधीकधी वारा इतका असतो की जाणता माणूस होडी पाण्यात घालतच नाही. काका असे कितीतरी रविवार मुलांना किनाऱ्यावरच दोराच्या गाठी शिकवत बसतात. जो मुलगा किंवा मुलगी रात्ररात्र झोपत नाही, जेवत नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलते, तिला "नाम घे, सगळं ठीक होईल" एवढंच सांगून सोडू नका. तिला एकटं ठेवू नका. मनाच्या डॉक्टरकडे घेऊन जा, सोबत बसा. डॉक्टरकडे नेल्याने गुरूंवरची श्रद्धा कमी होत नाही. वादळात मदतीची नाव बोलावणारा खलाशी कर्णधाराचा विश्वास मोडत नाही, तो आपलं कर्तव्य करतो.

हैदराबादच्या मंडळींनी पावसाळ्याच्या वाऱ्यात हुसेनसागरावर शिडाच्या होड्या बघितल्या असतील. यंदा घरातल्या मुलांना घेऊन काठावर बसा आणि दाखवा : वारा एकच आहे, तरी एक होडी इकडे जाते, एक तिकडे. शीड कसं धरलंय त्यावर सगळं आहे. बाकीच्यांनी घरीच एवढं करावं.

या पंधरवड्याचा नेम : आपल्या घरातलं, नात्यातलं, किंवा मंडळातलं एक माणूस आठवा, जे आधी यायचं आणि आता येत नाही. रोजच्या नामानंतर त्याचं नाव घेऊन सद्गुरूंना एकच प्रार्थना करा, "महाराज, त्याचं सुकाणू तुमच्या हाती आहे." पंधरा दिवस त्याला उपासनेबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. फक्त एकदा प्रेमाने विचारपूस करायची. आणि ज्या घरी एखादा नवखा नुकताच बसायला लागला आहे, तिथल्या मोठ्यांनी त्याचा नेम आजच बसून अर्धा करावा. भीती वाटत असेल तर आणखी अर्धा.

ज्यांचा स्वतःचा नेम सुटला आहे आणि हे वाचताना ज्यांना थोडं लाजल्यासारखं झालं, त्यांच्यासाठी : होडी सोडू नका. आत्ता, हा निरोप वाचून झाल्यावर, पुढच्या निरोपाकडे जायच्या आधी एकदा नाम घ्या. एकदाच. आजच्यापुरतं तेवढं पुरे आहे.

सर्वांना सद्गुरू आरोग्य देवोत, घरोघरी समाधान नांदो.

॥ जय सद्गुरू ॥